टिनावरचे काकाजी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगायची वेळ आली नव्हती असं नाही. काकाजींचे किस्से मी जन्मभर सांगितले, लग्नाच्या पंगतींत सांगितले, कचेरीत सांगितले, लोकांना पोट धरून हसवलं. पण दर वेळी एका ठरावीक जागी येऊन थांबलो. "मग पुढे काय झालं त्यांचं?" असं कोणी विचारलं की मी चहा मागवायचो. आता डॉक्टरांनी चहा बंद केलाय, आणि पुढचं ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा लिहून टाकतो.

काकाजींचं खरं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नागपूरला लागून असलेल्या वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, त्यातल्या एका गोदामात ते बुकिंग क्लार्क होते. मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायच्या आणि हमालांच्या पगारपत्रकावर अंगठे घ्यायचे, हे त्यांचं काम. मी शेजारच्या गोदामात नवाच चिकटलो होतो, वय असेल विशीच्या आसपास. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

मे महिन्यात नागपुरात डांबर वितळतं, तेव्हाही हा माणूस कोट घालून यायचा. कारण कोटाला खिसे होते. एका खिशात कात्री, ती दोऱ्यानं काजाला बांधलेली. दुसऱ्यात जांभळी पेन्सिल, बिल्ट्या लिहायची. नाकावर दोन चष्मे, एकावर एक. "खालचा वाचाले, वरचा लोकायले पाहाले," असं ते सांगायचे. प्रत्यक्षात खालच्याची एक काच फुटलेली होती आणि ते दोन्ही मिळून एक चष्मा करत.

त्यांना एकच व्यसन होतं. बातमी. पण वाडीत पेपर विकत घेऊन वाचणारे थोडे, आणि काकाजी तर मुळीच नव्हते. त्यांचं म्हणणं असं की आपल्या दारातून सगळा हिंदुस्थान जातो, पेपर कशाला विकत घ्यायचा? ते खरंच होतं. ट्रकच्या केबिनमध्ये जबलपूरचे, रायपूरचे हिंदी पेपर यायचे, हैदराबादचे तेलुगू, कलकत्त्याचे बंगाली. कुणी सीटवर अंथरलेले, कुणी डब्याला गुंडाळलेले. काकाजी भज्यांची पुडी घ्यायचे, भजी मला द्यायचे आणि तेलकट कागद उन्हात वाळत घालायचे. एकदा त्यांनी काचेच्या बांगड्यांच्या पेट्या उघडून त्यातले सगळे कागद काढले आणि त्यांच्या जागी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलं. बांगड्या पोचल्या त्या चुरा होऊन. व्यापारी भांडायला आला तर हे शांतपणे म्हणाले, "तुमच्या पेटीत आसामच्या पुराची पुरी हकीकत होती. ते अशी दाबून ठेवाची का?"

गोदामांसमोर यशोदाबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे तीन बाजूंना टिन आणि चौथ्या बाजूला यशोदाबाई. त्यातल्या रस्त्याकडच्या टिनावर काकाजींनी एकदा कणकेच्या खळीनं एक कात्रण चिकटवलं, खाली जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलं, "काकाजी." दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरनं आपलं कात्रण लावलं आणि खाली आपलं नाव घातलं. मग क्लीनर, हमाल, गोदामाचे बाबू, सगळेच लावू लागले. बाजूला पानठेला होता. कुणाला बातमी आवडली तर तो पानठेल्यावरच्या चुन्यात अंगठा बुडवून कागदावर दाबायचा. खोटी किंवा फालतू वाटली तर काताचा लाल अंगठा. मुंबई-पुण्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं, आमच्या वाडीत तो मान होता. पानठेलेवाला मात्र रडायचा, "पान खाले कोनी येत नाही, बोट बुडवाले येते साले."

शनिवारी यशोदाबाई उलथणं घेऊन टिन खरवडायची. पांढरे अंगठे जास्त असलेली कात्रणं राहायची, बाकीची जायची. वर, डोळ्यांच्या उंचीला, कायम काकाजींचीच असायची. त्यांचं नाव खाली दिसलं की ड्रायव्हर दुसऱ्याला विचारायचे नाहीत. कुठं रस्ता फुटला, कुठल्या नाक्यावर तपासणी कडक झाली, डिझेल कुठं मिळत नाही, काकाजींनी लावलं म्हणजे झालं.

मला ते नाव पाहिजे होतं. मी रीतसर त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "काकाजी, टिनावर आपलंबी वजन पाहिजे. कसं करू?"

"पहिले काही लावू नको," ते म्हणाले. "वाच. दुसऱ्याच्या बातमीले चुना लाव. खाली दोन शब्द लिही, पण कामाचे. लोकायले कळू दे का कोनी पोरगं हाय, वाचते."

"आन मंग?"

"मंग बी घाई नको करू. हे सारे लग्नाच्या बस्त्यावरचे, एका दिवसाचे पाहुने नाही गा, रोजचे लोक हाय."

मी घाई केली. माझ्या मावसभावाच्या कबड्डी संघानं कुठलासा चषक जिंकला होता, त्याची चार ओळींची बातमी मी टिनाच्या मधोमध लावली. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कुणीतरी एकच शब्द लिहिला होता. "मंग?" त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, "भाऊ हाय वाटते." आणि लाल अंगठ्यांची नुसती होळी.

काकाजींनी मला बाजूला घेतलं. "आपल्या घरची, आपल्या गोदामाची बातमी आपन लावाची नाही. लोकायले वास येते."

नंतर मी खापरखेड्याकडच्या दोन तोंडांच्या वासराची बातमी लावली आणि वर माझ्या अक्षरात मथळा दिला, 'खापरखेड्यात राक्षस जन्मला.' लोक धावत आले, वासरू निघालं, चिडून कात लावून गेले. काकाजी म्हणाले, "लोकायले राक्षस सांगून बोलावलं आन वाढलं वासरू. कोन जेवन?"

त्यांचे असे नियम पुष्कळ होते. दुपारी लावायचं नाही, कारण तेव्हा टिनाला हात लावला तर फोड येतो आणि वाचणारा कोणी नसतो. संध्याकाळी लोडिंग चालू असताना लावायचं, ड्रायव्हर रिकामे उभे असतात. आपल्याच कागदाला आपण चुना लावायचा नाही. दुसऱ्या भाषेतली बातमी असेल तर आणणाऱ्या ड्रायव्हरकडून वाचून घ्यायची, खाली मराठीत लिहायची आणि नाव त्या ड्रायव्हरचं घालायचं, आपलं नाही. चूक निघाली तर आपला कागद आपल्या हातानं, चार लोकांसमोर काढायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कात्रणावर तारीख राहिलीच पाहिजे. वाडीत कागद यायचे ते पुडीचे, पेटीतले, केबिनमधले. त्यातला कुठला कालचा, कुठला तीन पावसाळ्यांपूर्वीचा, ते तारखेशिवाय कळायचं नाही. "तारीख कापली का बातमीचं मुंडकं कापलं," ते म्हणायचे.

एवढं सगळं करत बसायला मला वेळ नव्हता. मी आमच्या गोदामातल्या एका हमालाला गाठलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण अंगठा होता. रोज एक पान खायला घालायचं आणि त्यानं येता-जाता माझ्या कागदांवर चुना दाबायचा, असं ठरलं. माझी कात्रणं पांढरी होऊ लागली. शनिवारी यशोदाबाईचं उलथणं माझ्या कागदांपाशी येऊन थांबायचं आणि पुढे जायचं. मी मनातल्या मनात काकाजींच्या शेजारी पोचलो होतो.

एका संध्याकाळी टिनापुढे चांगली गर्दी होती. काकाजी दोन्ही चष्मे लावून माझा कागद बघत होते. मग दुसरा बघितला, मग तिसरा. आणि माझ्याकडे वळून अगदी भाबडेपणानं म्हणाले, "काहून गा, तुह्या बातम्या एकाच अंगठ्याले येवढ्या काहून आवडते?"

त्यांनी एका पांढऱ्या ठशावर बोट ठेवलं.

"हा पाहा. मधात चीर गेलेला. हा बी तोच, हा बी तोच. पगाराच्या दिवशी तुमच्या गोदामाचे अंगठे बी म्याच घेतो ना. हा मानूस माह्या वळखीचा हाय."

त्यांनी हमालाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. यशोदाबाई चहाचं गाळणं हातात धरून हसत सुटली. एका ड्रायव्हरनं मला "अंगठेबहाद्दर" म्हटलं आणि ते नाव मला चिकटलं. मी चहा मागितला की ती ओरडायची, "अंगठेबहाद्दराले एक कट." माल उतरवायला आलेले परगावचे क्लीनरसुद्धा मला त्याच नावानं हाक मारू लागले.

काकाजींना वाटलं, गंमत झाली आणि संपली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या एका खऱ्याखुऱ्या बऱ्या कात्रणाला स्वतः चुना लावला. मला ते दिसलं, आणि त्यामुळे तर मी जास्तच जळलो.

इथंच मी एवढी वर्षं चहा मागवत आलो.

आमच्या गोदामात मागच्या बाजूला जुन्या ताडपत्र्यांच्या घड्यांमध्ये घातलेले पेपर होते, पिवळे पडलेले, उंदरांनी कडा खाल्लेले. त्यात मला एक बातमी सापडली. जबलपूर रस्त्यावरच्या एका पुलाला तडे गेले आहेत, अवजड वाहतूक बंद. केव्हाची तरी जुनी. पूल कधीच दुरुस्त झालेला होता, रोज ट्रक जात होते. मी बातमी कापली, तारीख वगळून. पेपर पिवळा होता, पण भज्यांच्या तेलात भिजलेले सगळेच कागद तसे दिसायचे, म्हणून मी त्याला थोडं तेलही लावलं. जांभळी पेन्सिल माझ्याकडेही होती. 'काकाजी' ही तीन अक्षरं त्यांच्यासारखी काढायला काही कलाकार असावं लागत नव्हतं. ते घरी जेवायला गेले तेव्हा मी तो कागद त्यांच्या कागदांच्या रांगेत लावून टाकला. एकदा लावलेले आपले कागद ते पुन्हा वाचत नसत.

माझा बेत एवढाच की ड्रायव्हर वाचतील, हसतील, "काकाजी शिळी बातमी लावते" म्हणतील, आणि एकदा तरी त्यांच्या नावाला लाल अंगठे लागतील.

संध्याकाळी कामठीचा रहीमभाई संत्र्यांनी भरलेला ट्रक घेऊन जबलपूरला निघाला होता. चहा पिता पिता त्यानं टिन वाचलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तो हसला नाही. खाली नाव बघितलं, कप ठेवला आणि क्लीनरला म्हणाला, "चल, छिंदवाड़े से घूम के जाएँगे." मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट चार शब्दांत संपली असती. मी दुसरा चहा घेतला.

काही दिवसांनी रहीमभाई परत आला तो ट्रकशिवाय, बसनं. काकाजी बाकावर बसले होते.

"काकाजी, पूल तो अपनी जगह पे है," तो म्हणाला.

"कोनता पूल?"

"जो तुमने बंद किया था."

छिंदवाड्याच्या घाटात त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. दुसरा येईपर्यंत ट्रक उन्हात उभा. संत्री सडली, खालून रस गळत होता. मालकानं त्याला ट्रकवरून उतरवलं होतं. हे सगळं त्यानं आवाज न चढवता सांगितलं, जसं काही काकाजींकडे त्याचा खुलासा असणारच.

काकाजी उठून टिनापाशी गेले. वरचा चष्मा काढला, खालचा पुसला, दोन्ही परत लावले. कागद वाचला. नाव वाचलं. कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरच्या बाजूला, जिथं तारीख असायला हवी होती.

"यशोदाबाई," ते म्हणाले, "हे म्या लावल्याचं मले आठवत नाही वं."

"येवढे कागद लावता, कसं आठवन?" ती म्हणाली.

"लावल्याचं जाऊ दे. कापल्याचं आठवत नाही. म्या तं तारीख कापतच नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन अक्षर तं माह्यंच हाय."

टिनापुढे दहा-पंधरा माणसं असतील. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी काकाजींच्या पाठीमागे उभा होतो आणि त्यांच्या कोटाच्या शिवणीकडे बघत होतो. त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की हे दुसऱ्या कुणी केलं असेल. त्यांनी पानठेल्यावरच्या कातात अंगठा बुडवला, आपल्याच नावावर दाबला, कागद टरकावला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "माह्याच्यानं चूक झाली गा. रहीमची नाही."

मग ते रहीमभाईला घेऊन त्याच्या मालकाकडे गेले आणि तिथंही तेच म्हणाले. मालक आधी ओरडला, मग एवढा वयस्कर माणूस समोर हात जोडून उभा राहिलेला बघून गप्प झाला. रहीमभाईला ट्रक परत मिळाला. काकाजींनी मात्र त्यानंतर टिनावर एकही कागद लावला नाही. चहाला यायचे, पण टिनाकडे पाठ करून बसायचे.

लोक विसरले. ड्रायव्हर लोकांना रोज नवे खड्डे असतात. रहीमभाईनंच पहिल्यांदा विनवलं, "लगाओ ना काकाजी, सूना लगता है." पण ते नुसते हसायचे. बिल्टी लिहिली की ती दोनदा वाचायचे, मग शेजारच्याला वाचायला द्यायचे. मला विचारायचे, "आज शुक्रवार ना गा?" मी "हो" म्हणालो की म्हणायचे, "मलेबी तेच वाटलं, पन विचारलेलं बरं." ज्या माणसानं आमच्या सगळ्या गोदामांच्या तारखा डोक्यात ठेवल्या होत्या, तो भिंतीवरच्या कॅलेंडरची परवानगी घेऊन बोलू लागला. नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना त्यांनी ती सोडली. "डोक्याचा भरोसा नाही, बिल्टीत चूक झाली तं कोनाचं घर बुडन," एवढंच कारण सांगितलं.

टिनावर त्यांची जागा रिकामी झाली तिथं मी गेलो. या वेळी सरळ मार्गानं. त्यांचे सगळे नियम पाळले, तारखा ठेवल्या, दुसऱ्यांना चुना लावला, आणि खरंच वर पोचलो. अंगठेबहाद्दर हे नाव आपोआप गळून पडलं. त्या सुमारास शहरातल्या एका दैनिकाचा माणूस वाडीकडच्या बातम्या देणारा कुणी वार्ताहर मिळतो का, हे बघायला आला होता. यशोदाबाईनं त्याला काकाजींकडे पाठवलं. काकाजी त्याला म्हणाले, "मले नाही जमत आता. तारखायचा घोळ होते माह्याच्यानं. त्या पोराले घ्या, तो चुकत नाही."

त्या नोकरीवर माझा संसार झाला. मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या, आणि बातमीच्या माथ्यावर तारीख घालताना दर वेळी ती दोनदा ताडून बघायचो. सोबतच्यांना वाटायचं, माणूस काटेकोर आहे.

काकाजी नोकरी सोडून प्रताप नगरात मुलीकडे राहायला गेले होते. एका रविवारी मी ठरवून निघालो. वाडीहून सायकल मारत जाताना सगळं वाक्य पाठ केलं होतं. त्यांच्या मुलीनं दार उघडलं. काकाजी अंगणात खुर्चीवर बसले होते, अंगात तोच कोट. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"ये गा ये. मोठ्ठा पत्रकार झाला. आज रविवार ना?"

"हो काकाजी."

"हं. मलेबी तेच वाटलं."

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. "काकाजी," मी म्हणालो, "तो पुलाचा कागद होता ना..."

त्यांनी हात वर केला. "त्याचं नको काढू गा. अजून लाज वाटते मले."

"पन मले सांगाचं हाय..."

"मले ठाऊक हाय तुले काय सांगाचं ते," ते म्हणाले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण ते मुलीकडे वळले. "मी सांगत होतो ना तुले, तो हाच. त्या दिवशी सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. ह्या पोराचं म्या भर चौकात हसं केलं होतं अंगठ्यावरून, याच्या जागी दुसरा असता तं त्यानं तवाच वसूल केलं असतं. हा एक अक्षर बोलला नाही. मान खाली घालून उभा होता. तेवढं आठवते मले, बाकी काही आठवो का न आठवो."

मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती अजून माझ्या अंगावर आहे. ती म्हणाली, "बाबा फार बोलतात तुमच्याबद्दल. जेवूनच जा."

मी जेवलो. वरण-भात, वांग्याची भाजी. काकाजींनी आग्रह करकरून वाढायला लावलं. जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घास घातला. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "येत जा गा." मी "येतो" म्हणालो. त्यानंतर मी प्रताप नगरच्या त्या गल्लीतून कामासाठीसुद्धा गेलो नाही. लांबून वळसा घालायचो. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही माझ्याच पेपरात, मीच लावत असलेल्या निधनवार्तेच्या रकान्यात. मी ती वार्ता तपासली, तारीख बरोबर होती, आणि छापायला पाठवून दिली.

सायकलवर पाठ केलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं. ते असं होतं: काकाजी, तो कागद तुम्ही लावला नव्हता. मी लावला होता, तुमचं अक्षर काढून, तुमच्यावरच्या रागानं. मला माफ करा. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, तुम्ही काहीच विसरला नव्हता.